मानाची चापट

शालिग्राम गुरुजींचा उजवा खांदा दुखायला लागला आणि सोनवळच्या शाळेतली छडी बंद झाली. गुरुजींना पोरांची दया आली असं कुणी समजू नये. खांदाच वर जाईना, तर छडी चालवणार कोण? तिसरी आणि चौथी त्यांच्याकडे एकाच खोलीत. पहिली-दुसरी पलीकडे दुसऱ्या मास्तरांकडे, आणि ते मास्तर निम्मा आठवडा पंचायत समितीत कागद पोचवायला गेलेले, की चारही वर्ग गुरुजींच्या गळ्यात. वर मतदारयाद्या, अल्पबचत, कुटुंब नियोजनाच्या केसेस. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, त्यात पोरांना खायला द्यायच्या सुकडीचं वाटपही यांच्याच डोक्यावर होतं. शिकवायचं ते या सगळ्यातून उरेल तेवढ्या वेळात, आणि मारायचं तेही त्यातच.

म्हणून गुरुजींनी एक तोड काढली. पोरं भिंतीला धरून ओळीत उभी करायची. पहिल्याला प्रश्न विचारायचा. त्याला आलं नाही तर दुसऱ्याला, त्यालाही नाही तर तिसऱ्याला. ज्याला येईल त्यानं मागे फिरायचं, न आलेल्या प्रत्येकाचं नाक डाव्या हाताच्या चिमटीत धरायचं आणि उजव्या हातानं गालावर एक सणसणीत ठेवून द्यायची. पोरं तिला मानाची चापट म्हणत. गुरुजींना खुर्चीतून उठायचंही काम नाही. ही काही त्यांची स्वतःची अक्कल नव्हती. लहानपणी त्यांनीही अशा खाल्ल्या होत्या आणि पुढे उत्तरं यायला लागल्यावर दिल्याही होत्या. फरक एवढाच की त्यांच्या गुरुजींकडे ती अधूनमधून चाले आणि यांच्याकडे रोज, दिवसभर, प्रत्येक विषयाला चालायची.

आणि चालायची म्हणजे अशी चालायची की विचारू नका. पोरं घरून पाढे घोकून येत, रस्त्यानं नद्यांची नावं पुटपुटत येत. विस्तार अधिकारी साहेबांनी गेल्या वर्षीच्या तपासणीत हा प्रकार पाहिला आणि शेरेपुस्तकात लिहिलं, विद्यार्थ्यांत स्पर्धेची भावना उत्तम रुजवली आहे. तीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींना कुणी उत्तम म्हटलं ते तेवढंच. तो शेरा त्यांनी बायकोलाही वाचून दाखवला होता.

एक नियम मात्र होता. चापट हळू मारायची नाही. मैत्रीखातर कुणी नुसता गाल कुरवाळला तर गुरुजी खुर्चीतून ओरडत, "असं मारते काय? जोरानं मार, नाही तं तुले दाखवतो कशी मारतात ते." मग पुढची चापट बरोबर वाजायची.

हळू मारणाऱ्यांत पहिला नंबर राजमतीचा. कस्तुरचंदांची ही मुलगी चौथीत होती. कामरगावच्या बाजारातून माल आणून विकणारे कस्तुरचंद म्हणजे सोनवळमधलं एकुलतं एक जैन घर. किराणा, कापड, कंदिलाच्या काचा, सगळं त्यांच्याच दुकानात. मुलगी अंगानं काडीसारखी, पण डोकं असं की प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत उत्तर ओठांवर. त्यामुळे ओळभर चापटा मारायचं काम बहुतेक तिच्याच वाट्याला येई, आणि ती ते असं करी की जणू गालावरची माशी उडवते आहे. गुरुजी तिला रोज रागवत. रागवून रागवून तिचा हात त्यांनी वळणावर आणला होता.

आणि पर्युषणानंतर ही पोरगी एकाएकी मुकी झाली.

पर्युषणाच्या दिवसांत कस्तुरचंदांचं घर कारंज्याला जात असे. तिथं मोठी मंदिरं, तिथंच राजमतीची आत्या, आणि त्या वर्षी एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, चातुर्मासाला थांबलेल्या. तिथून परत आल्यावर राजमती पूर्वीसारखीच वेळेवर शाळेत येई, पाटी पुसून ठेवी, पण तिला काही विचारलं की खाली पाही आणि म्हणे, "येत नाही." साताचा पाढा, येत नाही. महाराष्ट्राची राजधानी, येत नाही. पुढच्या पोराला आलं की नाक पुढे करून गपचूप चापट खाई. पहिल्या आठवड्यात गुरुजींना वाटलं, पोरीला ताप असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आळस आहे. मग दिवाळी आली, कापूस आला, जनगणनेसारखी कसली तरी नवी मोजणी आली, आणि गुरुजींना काही वाटायचंच बंद झालं. दमलेल्या माणसाचं असंच असतं. समोर दिसतं ते सगळं त्याला दिसत असतं, पण त्यावर उठून काही करायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

त्यांना जाग आणली ती कस्तुरचंदांनी. पौषात एका सकाळी ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गुरुजी, तपासणी कधी हाय?"

"पुढच्या आठवड्यात. काहून शेठजी?"

"राजमतीचं ठरवा लागते. चौथी झाली की पुढं काय?" कस्तुरचंद हळू बोलणारे गृहस्थ, तागडीत माल टाकावा तसे शब्द टाकत. "माह्या मनात तिले शिकवाचं हाय. कारंज्याले बहिणीकडे ठेवली तं पाचवी, सहावी, मॅट्रिकपर्यंत होते. पण माय आयकत नाही. तिचा सोभाव तुमाले मालूम. म्हणते, पोरीच्या जातीले चौथी खूप झाली, आता पापड लाटाले बसवा. मायच्या पुढं ठेवाले मले मोठ्या मानसाचा शब्द पायजे. साहेबानं जर तपासणीत माह्यासमोर म्हटलं, पोरगी हुशार हाय, पुढं शिकवा, तं माय मोडणार नाही. साहेबाच्या शब्दाले ती भेते."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तं मंग काय." कस्तुरचंदांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पण असं कसं होईन? तुमीच तं सांगत होते, असं पोट्टं मी पाह्यलं नाही म्हणून."

सांगत होतेच ते. गेल्या वर्षी दुकानाच्या ओट्यावर बसून, पान खात खात सांगितलं होतं. आता त्याच पोरीला साताचा पाढा येत नाही हे या भल्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? गुरुजी म्हणाले, "पाहू, होईन." आणि कस्तुरचंद गेल्यावर खुर्चीत बसून राहिले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी राजमतीला थांबवलं. पाटीवर पाच हिशेब लिहून दिले, त्यातला एक तर पाचवीचा. पोरीनं मान खाली घालून ते भराभर केले आणि पाटी पुढे सरकवली. सगळे बरोबर. गुरुजींचं डोकं सणकलं.

"हे तुले येते?"

"हो गुरुजी."

"सकाळी हाच भागाकार विचारला तवा 'येत नाही' म्हणे! मस्ती आली काय अंगात?"

"नाही गुरुजी."

"मंग? बोल लवकर. मले घरी जाचं हाय."

राजमतीनं झग्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "येते म्हटलं की मारा लागते," ती म्हणाली.

गुरुजींना आधी कळलंच नाही.

"मी नियम घेतला, गुरुजी. कारंज्याले, माताजीपाशी. साऱ्या पोरीईले माताजीनं विचारलं, वर्षभर काय सोडतं? कोणी बटाटे सोडले, कोणी शेव सोडली. मले विचारलं तं मी म्हटलं, मी मारनं सोडते. माताजी म्हणे, छान हाय. तवापासून मले मारता येत नाही."

"अन् मार खाता येते?"

"खाल्ल्यानं नियम मोडत नाही," राजमतीनं समजावून सांगितलं. याचा तिनं पुरता विचार केलेला दिसत होता.

गुरुजींना हसू यायला लागलं होतं. एवढीशी पोरगी आणि केवढा तो कायदा! त्यांनी विचारलं, "अन् हे तुह्या डोक्यात आलं कुठून? बटाटे सोडाचे होते."

"गंगूच्या कानातून पू येत होता," राजमती म्हणाली.

गंगू ही चतुराबाई नावाच्या मजूर बाईची पोर. राजमतीच्या शेजारी बसे. दोघी एका पाटीवर लिहीत, एकीची पेन्सिल दोघी चाटत. आखाडात कधीतरी गंगू शाळेत यायची बंद झाली. गुरुजींनी हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर, गैरहजर लिहिलं, मग लाल रेघ मारली. मजुरांची पोरं निंदणाला जातातच, त्यात विचारायचं काय?

"मी हळू मारली होती तिले," राजमती सांगत होती. "तुमी म्हटलं, जोरानं मार. मी पुन्हा मारली. ती कानावर लागली. दुसऱ्या दिवशी तिचा कान सुजला. चतुराबाईनं तेल टाकलं, मंग पू आला. आता त्या बाजूनं हाक मारली तं तिले आयकू येत नाही."

एवढं सांगून ती थांबली. रडली नाही. रडली असती तर गुरुजींना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या पोराला काय म्हणायचं ते मास्तरांना ठाऊक असतं. चापट तुझी नव्हती, माझी होती, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. पण तीस वर्षं पोरांकडून चुका कबूल करून घेणाऱ्या माणसाची जीभ स्वतःच्या चुकीला वळत नाही. ते म्हणाले, "तुह्या बाबाले सांगितलं?"

"नाही."

"काहून?"

"बाबा तुमाले बोलले असते. मंग तुमी साऱ्याईले बोलले असते."

बाहेर बैलगाड्या घरी जायला लागल्या होत्या. गुरुजींनी मनाशी ठरवलं की हे बंद करायचं. आणि लगेच दुसरा विचार आला तो असा की तपासणी होऊन जाऊ दे. साहेबांचा निरोप आलाच होता: यंदा ते आजूबाजूच्या शाळांचे मास्तर बरोबर आणणार होते, मुद्दाम ही पद्धत दाखवायला. ऐन वेळी मोडता कशाला घाला? एवढा आठवडा, मग बंद. शहाणपणाचाच विचार होता. दमलेल्या माणसाचे सगळेच विचार असे शहाणपणाचे असतात.

"हे पाह्य," ते म्हणाले. "नुसतं बोट लावलं गालाले तं चालते काय तुह्या नियमात?"

"नाही गुरुजी."

"बरं. मंग तपासणीच्या दिवशी तुले कोणाले मारा लागणार नाही. मी साहेबाले सांगतो. तू फक्त उत्तर दे. साहेबानं तुले हुशार म्हटलं पायजे, समजलं? तुह्या बाबानं पुढच्या शाळेचं त्याच्यावर ठेवलं हाय."

"मले मालूम हाय," राजमती म्हणाली. "खरंच मारा लागणार नाही?"

"माह्यी जबाबदारी."

तपासणीच्या दिवशी शाळा शेणानं सारवली, दारावर आंब्याची पानं लावली. साहेब जीपमधून उतरले, मागोमाग पाचसहा मास्तर सायकलींवरून. गावचे सरपंच, पोलीस पाटील, कस्तुरचंद अशी चार मंडळी खुर्च्यांवर बसली. कस्तुरचंदांनी परीटघडीचं धोतर नेसलं होतं. राजमतीनं दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या आणि ओळीत ती मधोमध उभी होती.

गुरुजींनी सांगायचं वाक्य रात्रीच तयार करून ठेवलं होतं: साहेब, यंदापासून आम्ही चापट बंद केली आहे, मुलं तिच्यावाचूनही उत्तरं देतात. वाक्य चांगलं होतं. साहेबांना खुर्ची दिली, हार घातला, आणि गुरुजींनी सुरुवात केली, "साहेब, यंदापासून आम्ही जरा..."

"ते मागाहून, गुरुजी," साहेब हसून म्हणाले. "आधी ती तुमची पद्धत होऊन जाऊ द्या. ही सगळी मंडळी त्याच्यासाठी ऊन खात आली आहेत. मी यांना सांगत होतो, छडी नाही, शिक्षकाचा आवाज नाही, आणि मुलं स्वतःच स्वतःला शिकवतात."

मास्तर मंडळींनी कौतुकानं माना हलवल्या. गुरुजी म्हणाले, "हो साहेब."

झालं. तयार केलेलं वाक्य तिथंच गिळलं गेलं.

साहेबांनी स्वतःच प्रश्न घातला. जुन्या वळणाचे होते, औटकी विचारली. औट म्हणजे साडेतीन. तो पाढा तेव्हाही फारसा कुणी घोकत नसे. "बारा औटे किती?"

पहिल्या पोरानं छताकडे पाहिलं. येत नाही. दुसरं, येत नाही. तिसरी पोरगी, येत नाही. ज्याचं 'येत नाही' म्हणून होई ते पोर सवयीनं वळून गाल पुढे करून, डोळे मिटून उभं राही, चापट येईस्तोवर. अशी डोळे मिटलेली पोरं एकामागून एक वाढत राजमतीपर्यंत आली.

"हं, तू सांग मुली."

राजमतीनं गुरुजींकडे पाहिलं. तिचे ओठ उघडलेले होते. बेचाळीस हा शब्द ओठांमागे उभा होता, गुरुजींना तो दिसत होता. अजूनही वेळ गेली नव्हती. साहेब, मारायचं नाही, एवढे तीनच शब्द लागणार होते. गुरुजींनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत काहीही नव्हतं.

"येत नाही," राजमती म्हणाली.

तिच्यापुढे हेमसिंग होता. हा पोरगा तिसऱ्यांदा चौथीत बसलेला, अंगानं थोराड. आजवर त्यानं चापटा खाण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. शाळेतल्या प्रत्येक पोरानं त्याला मारलेलं होतं. हेमसिंगनं डोळे घट्ट मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि ओरडला, "बेचाळीस!"

"शाब्बास!" साहेब म्हणाले. "आता?"

आता काय ते हेमसिंगला सांगावं लागलं नाही. तो उड्या मारतच मागे वळला. राजमती सगळ्यांत जवळ होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेऊन एकात एक अडकवले. हेमसिंगनं तिचं नाक चिमटीत धरलं आणि इतक्या वर्षांची उधारी असल्यासारखी अशी लगावली की आवाज बाहेरच्या जीपपर्यंत गेला. एक वेणी सुटली. मास्तर मंडळी हसली, एकानं टाळीही वाजवली. हेमसिंग पुढच्याकडे वळला. राजमती गाल न चोळता तशीच उभी राहिली.

कस्तुरचंद खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसले होते. ते उठले नाहीत. परीक्षा चालली, कविता झाली, कवायत झाली. चहा आला तेव्हा साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुमची ती मधली ना, शेठजी? साधारण आहे. चौथी होईल. घरकामात घाला, चांगली निघेल." कस्तुरचंदांनी हात जोडले आणि चहा न घेता घरी गेले.

शेरेपुस्तकात या वर्षीही उत्तम आलं. गुरुजींनी ते पुस्तक न उघडता कपाटात टाकलं.

दिवस मावळायच्या आत कस्तुरचंदांकडे जेवणं आटपत. गुरुजी त्यानंतर गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कस्तुरचंद गादीवर बसून सुतळी गुंडाळत होते. "या गुरुजी," म्हणाले आणि आत वळून हाक मारली, "राजमती, गुरुजींले पाणी आण."

ती तांब्या-पेला घेऊन आली. एक गाल अजून लाल होता. पेला खाली ठेवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. गुरुजी पाणी प्याले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. नियम, गंगूचा कान, जोरानं मार म्हणून खुर्चीतून ओरडणारे आपण, आणि सकाळी गिळलेलं ते वाक्य. मध्ये कुठं थांबले नाहीत. थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही, असं त्यांना वाटत होतं.

"पोरीले सारं येते, शेठजी. बारा औटे तिले झोपेत येते. साहेबाचं आयकू नका. चूक माह्यी हाय."

कस्तुरचंद सुतळी गुंडाळायचे थांबले होते. "म्हणजे पर्युषणापासून," ते म्हणाले, "हे लेकरू रोज मार खाऊन राह्यलं?"

"हो."

"रोज?"

गुरुजींनी मान हलवली. कस्तुरचंदांनी मुलीकडे पाहिलं.

मग राजमती बोलली. बोलली ती बापाशी नाही. "गुरुजी, तुमी म्हटलं होतं, जबाबदारी तुमची."

"हो बाई," गुरुजी म्हणाले. "म्हटलं होतं."

तिनं रिकामा पेला उचलला आणि आत गेली. कस्तुरचंदांनी सुतळीचा गुंडा बाजूला ठेवला. आतून राजमतीच्या आजीच्या जपाच्या माळेचा आवाज येत होता.

"शिकवीन मी तिले," कस्तुरचंद शेवटी म्हणाले. "मायले काय सांगाचं ते मी पाहून घेईन, साहेबाचा शब्द आता नाही लागत. जे पोट्टं नियमासाठी इतकं सोसते त्याले पापड लाटाले बसवलं तं मलेच पाप लागीन. पण गुरुजी, तुमच्यापाशी नाही. उद्याच्या गाडीनं कारंज्याले नेऊन घालतो, परीक्षा तिकडूनच देईन. तुमी तेवढा दाखला काढून ठेवजा."

आवाज एकदाही चढला नाही. उलट दुकानाच्या पायरीपर्यंत ते पोचवायला आले आणि अंधार पडतोय, जपून जा, असंही म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर गुरुजींनी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. मुलगी शिकणार होती. जे व्हावं म्हणून ते आठवडाभर धडपडले होते ते झालं होतं, आणि तरी त्यांना सरळ घरची वाट धरवेना.

वाटेत ते चतुराबाईच्या झोपडीवरून गेले. गंगू चुलीपुढे बसली होती. त्यांना पाहताच ती आत पळाली. चतुराबाईनं पदर सारखा केला आणि गुरुजींचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. "शाळेत कोणी मारणार नाही आता," गुरुजी म्हणाले. चतुराबाई म्हणाली, "सध्या हरभरा सोंगनं चालू हाय, गुरुजी. ते झाल्यावर पाहू." तिच्या बोलण्यात राग नव्हता. विश्वासही नव्हता.

दुसऱ्या दिवशी राजमतीची जागा रिकामी होती. गुरुजींनी पोरं भिंतीला उभी केली, मग पुन्हा खाली बसवली.

"आजपासून चापट बंद," ते म्हणाले. "कोणी कोणाले मारायचं नाही. मीबी नाही. ज्याले येते त्यानं नुसतं उत्तर द्यायचं."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. खूश झालेलं कुणी दिसेना. गुरुजींनी सोपासा प्रश्न टाकला. कुणी बोलेना. दुसरा टाकला. तरी तेच. ज्यांना येत होतं तेही गप्प. एक पोरगं पेंगायला लागलं. गुरुजींचा खांदा ठणकत होता आणि अजून अख्खा दिवस जायचा होता. तिसरा प्रश्न त्यांनी औटकीतला घेतला, म्हणाले, "हेमसिंग, तुले येते. सांग."

हेमसिंग उठला. त्याचा चेहरा पडलेला होता. काल रात्री तो पुढची औटकी घोकून आला होता, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं. पण तो नुसताच उभा राहिला.

"सांग ना रे."

"गुरुजी," हेमसिंग म्हणाला, "इतके साल मी सगळ्याईच्या खाल्ल्या. कालच माह्यी पाळी आली. अन् आज तुमी बंद केलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानं ते मनगटानं पुसलं. "मारायचं नाही तं मंग उत्तर कायले द्यायचं?"

तो उद्धटपणानं विचारत नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बाकीची पोरंही गुरुजींकडे पाहत होती. त्यांच्याही मनात हाच प्रश्न होता आणि हेमसिंगनं तो विचारला हे बरं झालं असं त्यांना वाटत होतं. तीस वर्षांच्या शिकवण्यातून पोरं शिकली होती ते हे.

शालिग्राम गुरुजी खुर्चीतून उठले. खुर्ची मागे सारली आणि गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, हेमसिंगच्या समोर जमिनीवर बसले.

"मले आयकाचं हाय म्हणून," ते म्हणाले.

असं त्यांनी आजवर कुणाही पोराला म्हटलं नव्हतं. हेमसिंग त्यांच्या हाताकडे पाहत एक पाऊल मागे सरकला.